फट बुजवायच्या आधी

तुम्ही माझ्या तोंडात हात घातलात, साहेब, आणि मला विचारलंसुद्धा नाहीत. दातांच्या डॉक्टरीणबाईंबद्दल बोलत नाहीये मी, त्यांनी निदान हातमोजे घातले होते. तुम्ही तर केबिनमधून उठलाही नाहीत. जाहिरातीसाठी माझा फोटो काढलेल्या फोटोवाल्याला नुसतं सांगितलंत, आणि त्याने कॉम्प्युटरवर बसून माझ्या वरच्या समोरच्या दोन दातांमधली फट बुजवून टाकली. मग तो फोटो माणसाच्या उंचीचा करून आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेवर आतून चिकटवलात. सकाळी मी कुलूप काढायला वाकले, वर पाहिलं, तर समोर मीच. केस माझे, चष्मा माझा, हनुवटीखालचा तीळ माझा, आणि तोंडात कुणाचे तरी दात. फार मोठा धक्का बसला असं म्हणणार नाही. किल्ली कुलपात घातलेली तशीच राहिली, एवढंच. मागून एक बाई म्हणाल्या, "उघडताय ना?" मी "हो हो" म्हटलं, आणि म्हणताना तोंडावर हात धरला. जन्मात कधी धरला नव्हता. आमच्या घरात कोणी हसताना तोंडावर हात धरला तर आत्या तो हात खाली ओढायची.

मी चष्मे बसवते. तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही कधी समोर बसून बघितलं नाहीत म्हणून सांगते. नंबर काढणारे वेगळे, मागच्या खोलीत काचा घासणारे वेगळे. माझं काम शेवटचं. तयार चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचा, दोन्ही काड्या कानांमागे सरकवायच्या, जरा मागे होऊन बघायचं, मग काढून घ्यायचा, काडी गरम हवेसमोर धरून मऊ करायची, अंगठ्याने हलकेच वाकवायची आणि पुन्हा चढवायचा. हे सगळं वीतभर अंतरावरून. इतक्या जवळ माणसाची आईसुद्धा रोज येत नाही. आणि नव्या काचांतून माणूस पहिल्यांदा डोळे उघडतो तेव्हा त्याला जगातली पहिली स्पष्ट गोष्ट दिसते ती माझं तोंड. त्या क्षणी माणूस बावरलेला असतो. जमीन वर आल्यासारखी वाटते, टेबलाच्या कडा टोचतील असं वाटतं. म्हणून मी हसते. मुद्दाम, दात दाखवून हसते. शाळकरी पोरगी असो की निवृत्त इंजिनियर, आधी माझ्या दातांकडे बघतात, फटीवर नजर अडकते, मग तोंड सैल होतं आणि म्हणतात, "अरेच्चा, दिसतंय की!" हे इतक्यांदा झालंय की ती फट म्हणजे माझ्या हत्यारांतलंच एक हत्यार आहे असं मी धरून चालले होते. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मऊ फडकं आणि फट.

तुम्ही केबिनमध्ये बोलावलंत तेव्हा मला वाटलं, फोटोबद्दल माफी मागणार. मी मनात म्हणतही होते, जाऊ दे, मोठं मन करावं. तुम्ही म्हणालात, "फोटो छान आलाय. आता तेवढं तसं करून घ्या." मी विचारलं, "काय तसं?" तुम्ही स्वतःच्या ओठांसमोर दोन बोटं जुळवून दाखवलीत. "गिऱ्हाईक बाहेर फोटो बघणार आणि आत आल्यावर वेगळंच तोंड. बरं दिसत नाही ते. खर्च दुकान करेल." म्हणजे फोटो माझ्यासारखा नाही, तर मी फोटोसारखी व्हायचं. अंगरखा बसला नाही तर माणूस कापायचा! मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "नाहीतर मागे काचा घासायला माणूस हवाच आहे." आवाज चढवला नाहीत. खुर्चीसुद्धा फिरवली नाहीत. आणि मी "बरं" म्हणून बाहेर आले. त्या "बरं"चा राग मला अजून आहे, आणि तो तुमच्यावर आहे. माझ्या वाटणीचा मी आज फेडून टाकलाय, डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवी पडून.

डॉक्टरीणबाई माणूस चांगल्या. बुटक्या, चपळ, स्वतःशी काहीतरी गुणगुणत काम करणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, दातांवर पाण्याचा फवारा मारला आणि रंगांची पट्टी ओठांशी धरली. आमच्याकडे फ्रेमच्या रंगांची असते तशीच, फक्त हिच्यावर एकेक दात लटकलेला. पांढरा, कमी पांढरा, पिवळट, राखाडी. "दात वाळले की रंग फसवतो," त्या म्हणाल्या, "म्हणून ओले असतानाच बघायचं." मग माप घेतलं. थंडगार लगदा तोंडात भरून बसवलं, नाकाने श्वास घ्या म्हणाल्या. नंतरच्या खेपेला माझे दात प्लास्टरमध्ये टेबलावर ठेवलेले होते. स्वतःचे दात असे तोंडाबाहेर, ओठांशिवाय बघणं फार चमत्कारिक. फट प्लास्टरमध्येही तशीच होती, खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली. शेजारी दुसरं तसंच प्लास्टर, त्यावर कारागिराने मेण चढवून फट बुजवलेली. आधीची मी आणि नंतरची मी, एकमेकींकडे पाठ करून. मी हळूच विचारलं, "दात तोडणार का?" त्या हसल्या. "छे हो. वरचं कवच नखाइतकं घासायचं, आणि त्यावर चिनी मातीचा पापुद्रा चिकटवायचा. आधी नमुना घालून देते. आवडला तर पुढे जाऊ."

नमुना म्हणजे त्या मेणावरून काढलेला रबरी साचा. त्यात दाताच्या रंगाचा लगदा भरला आणि माझ्या दातांवर दाबून धरला. थोड्या वेळाने साचा निघाला आणि लगदा दातांवर तसाच राहिला, घट्ट होऊन. माझे दात आत, जसेच्या तसे, आणि वर ही साल. आठवडाभर घालून हिंडा म्हणाल्या, घरच्यांना दाखवा. आरशात बघितलं. खोटं कशाला बोलू, बरी दिसत होते. फोटोतली बाई दिसत होते. रस्त्याने येताना दोनतीन दुकानांच्या काचांत स्वतःला हसून पाहिलं. तिसऱ्या काचेत मला आतला दुकानदार दिसला, तो बिचारा गोंधळून परत हसला. इतपत मजा होती. मग मी घराखाली पोचले.

आमच्या जिन्याचा दरवाजा वरून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. लग्न झाल्यापासून मी खालून शिट्टी घालते आणि नवरा वरून उघडतो. फटीतून वारा सोडायचा, जीभ मागे घ्यायची, एक लांब आणि एक तुटक. त्या दिवशी सवयीने ओठ आखडले, वारा सोडला आणि नुसतं फुस्स झालं. पुन्हा केलं. फुस्स. टायर बसल्यासारखं. मग बेलचं बटण दाबलं, आणि त्या भोकाभोकांच्या डबीतून नवऱ्याचा आवाज आला, "कोण आहे?"

कोण आहे! इतक्या वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं. "मी" म्हटलं, तर म्हणतो, "मी कोण?" वर गेल्यावर त्याने दिव्याखाली उभं करून बघितलं. "छान दिसतेस," म्हणाला. मी म्हटलं, "मग तोंड का पाडलंस?" "पाडलं कुठे. घरात पाहुणा आल्यासारखं वाटतंय. सवय होईल." जेवताना तो जरा जपूनच बोलत होता, भाजीला मीठ कमी आहे तेसुद्धा म्हणाला नाही. आम्ही एरवी मिठावरून भांडतो.

आत्याला फोनवर सांगितलं. माझ्या आत्याला गावभर शिट्टी म्हणतात, तोंडावर म्हणतात, तिला चालतं. ती तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. तलावाच्या साहेबांनी तिला गळ्यात अडकवायची शिट्टी दिली होती, ती तिने दोनदा हरवली आणि तिसऱ्यांदा घेतलीच नाही. "ही तोंडातली आहे ना," म्हणाली, "ही कशी हरवेल!" तिची फट माझ्याहून रुंद होती. पुढे दात हलायला लागले, काढावे लागले, कवळी बसवली. पहिली कवळी आली तेव्हा आरशात बघून ती दंतवैद्याला म्हणाली, "हे तोंड आहे की कंपाउंडची भिंत? माझी फट कुठे गेली?" तो म्हणाला, "आजी, लोक बुजवून घ्यायला येतात." ही म्हणाली, "लोकांना द्या मग ही." आणि कवळी त्याच्या टेबलावर ठेवून, बोळक्या तोंडाने घरी आली. त्याला दुसरी करावी लागली, फटीसकट. ती घालून तिने पहिली शिट्टी मारली तर शिट्टीऐवजी कवळीच बाहेर आली आणि थेट ताटात पडली. आम्ही हसून हसून लोळलो. तीही लोळली, पण आधी कवळी धुऊन घेतली.

"काय काय करणारेत म्हणे?" आत्याने विचारलं. मी सांगितलं. "घासलेलं परत येतं?" "नाही येत." "आणि चिकटवलेलं निघालं तर?" "पुन्हा चिकटवतात." "म्हणजे जन्मभर त्यांच्या दारात." "आत्या, कामाचा प्रश्न आहे. मागच्या खोलीत बसवतील मला. तिथे दिवसभर यंत्र आणि मी, माणसाचं तोंड दिसायचं नाही." मागच्या खोलीचं तिला पटलं असावं. तीही आयुष्यभर माणसांत राहिलेली. मग म्हणाली, "तुझ्या साहेबाचे दात कसे आहेत गं?" "मी पाहिलेच नाहीत. ते हसतच नाहीत." "बघ आणि सांग मला," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. पुढे जाऊ नकोस असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी हट्टाने गेले असते, हे तिला माहीत आहे.

तर मी त्या खुर्चीत आडवी होते. आज सकाळची गोष्ट सांगतेय. हिरड्यांत सुई टोचून झाली होती, वरचा ओठ हळूहळू दुसऱ्याचा झाला होता. बाई म्हणाल्या, "आता आधी खुणा करून घेते. दुखलं तर डावा हात वर करा." मान हलवली. तोंड ताणून धरणारी चिमट्यासारखी कडी घातलेली, गालाशी लाळ ओढणारी नळी गुळगुळ करतेय, डोळ्यांवर दिवा. यंत्र सुरू झालं. आवाज कानांतून येत नाही तो, कवटीतून येतो. हिऱ्याची पूड चढवलेली बारीक सुई असते, तिच्यावर तीन कडी. ती आडवी फिरवली की दातावर एका वेळी तीन चर पडतात. हे मला बाईंनी आधीच्या खेपेला दाखवलं होतं, मीच विचारलं होतं, हत्यार दिसलं की मला राहवत नाही. एका दातावर तीन चर. मग दुसऱ्यावर. पांढरी धूळ दिव्याच्या उजेडात उडाली आणि पाण्याच्या फवाऱ्यात बसली. दुखत नव्हतं. अजिबात दुखत नव्हतं. आणि मला कळलं की माझ्याकडे हात वर करायचं कारणच नाही. दुखण्याची खूण ठरली होती. नको असण्याची खूण ठरलीच नव्हती. तुमच्या केबिनमध्येही तसंच झालं ना? दुखलं नव्हतं. तुम्ही किती हळू बोलत होता!

चार दात झाल्यावर बाईंनी पेन्सिल घेतली. साधी, शिशाची, शाळेतली. चरांच्या तळाशी ती फिरवली, मला ओठाशी नुसती हालचाल जाणवली. आणि नेमकं तेव्हा यंत्राचा आवाज खाली खाली जात बंद पडला. बाईंनी पायाशी काहीतरी दोनतीनदा दाबलं. "गेला वाटतं यंत्राला हवा देणारा पंप," म्हणाल्या. मदतनीस बाई बाहेर धावल्या, मग डॉक्टरीणबाईही. "पडून राहा हं, आलेच," एवढं म्हणून तोंडातली चिमटी आणि नळी काढून गेल्या. मागच्या गॅलरीत दोघींची त्या पंपाशी झटापट ऐकू येत होती. "मी म्हटलं होतं ना परवाच, आवाज बरा नाही येत." "तेव्हा तू आवाज म्हटलं नव्हतंस, वास म्हटलं होतंस."

मी एकटी. दिवा तसाच डोळ्यांवर. आरसा ट्रेमध्ये पालथा ठेवलेला. हात लांबवला तर पोचला असता, पण मी लांबवला नाही. जिभेने गेले. ओठ मेलेला, पण जीभ जिवंत होती. पहिल्या दातावर गेली आणि थबकली. पायऱ्या. एक, दोन, तीन. कडा खरखरीत, मधे खोल. दुसऱ्यावरही. फणीवरून जीभ फिरवल्यासारखं. झालं म्हटलं. गेले. आईच्या हातची भाकरी ज्यांनी चावली, दोरे ज्यांनी तोडले, नवऱ्याच्या खांद्याला एकदा जे लागले, ते दात आता कोरलेले होते आणि उरलेलं घासायला फक्त हवा यायची होती. घासलेलं परत येतं? नाही येत. हे मीच आत्याला सांगितलं होतं, भाव सांगावा तसं.

त्या खोलीत औषधाचा एक स्वच्छ, नाकात चढणारा वास होता. तलावाच्या पाण्याला असायचा तसा. मी सहासात वर्षांची, तलावाच्या काठाला दोन्ही हातांनी धरून लोंबकळलेली, हनुवटी फरशीला टेकलेली, बोटं पांढरी पडलेली. बाकीची पोरं केव्हाच सुटली होती. आत्या पलीकडच्या काठावर उकिडवी बसलेली, ओले केस, गुडघ्यांवर हात. तिचा नियम एकच. शिट्टी झाली की काठ सोडायचा. त्याआधी ती कोणाला ढकलायची नाही, कोणी ढकललं तर त्याच्या पाठीत धपाटा. पण शिट्टी झाल्यावर धरून ठेवायचं नाही. माझ्यासाठी तिने किती शिट्ट्या मारल्या कोण जाणे. पोरं चिडवत होती, "चिकटली, चिकटली!" मला काठ खरखरीत लागत होता, फरशीच्या सांध्यांत बोटं रुतत होती, आणि तेच बरं वाटत होतं, कारण ते माझ्या हातात होतं. मग एकदा तिने शिट्टी मारलीच नाही. नुसती दात दाखवून हसली, लांबून. ती फट मला पाण्यावरून दिसली, काळी रेघ, दोन पांढऱ्यांच्या मधे. आणि मी काठ सोडला. बुडाले, नाकात पाणी गेलं, खाली सगळं हिरवं, आणि वरून कुठूनतरी, पाण्यातून वाकडातिकडा होऊन तो आवाज आला. पाण्याखाली शिट्टी ऐकू येते, साहेब. तुम्ही कधी ऐकली नसेल.

जीभ पुन्हा त्या चरांवर गेली. काठच तो. खरखरीत, आणि मी पुन्हा धरून बसलेली. कसली वाट बघत होते? बाई येतील, हवा येईल, माझं उरलेलं "बरं" माझ्या वतीने पूर्ण होईल. अंगात एकदम राग आला. तो पोटातून आला आणि इतका गरम होता की मेलेला ओठसुद्धा चुरचुरल्यासारखा वाटला. ठरवून टाकलं. जेवढे कोरले तेवढे कोरले. असेच ठेवायचे. तीन तीन चरांचे दात घेऊन काउंटरवर बसायचं, आणि नवा चष्मा लावलेल्या माणसाला तेच दाखवायचं. कोणी विचारलं तर म्हणायचं, साहेबांना विचारा. मागच्या खोलीत टाका, नाहीतर घरी बसवा. तिथेही हेच तोंड असेल. हे ठरलं. खरं सांगते, दात गेले असं समजून मी त्या खुर्चीत खूश झाले होते. खुर्चीच्या हातावरची माझी बोटं सुटली, रक्त परत आलं, मुंग्या आल्या.

गॅलरीत पंप घरघरला. बाई घाम पुसत आल्या, "आला एकदाचा ताळ्यावर. चला." नवे हातमोजे चढवून त्यांनी सुई उचलली, आणि मी डावा हात वर केला. सरळ, शाळेत करतात तसा.

"दुखतंय?"

"नाही."

"मग?"

"नगो." नको म्हणायचं होतं, ओठाने साथ दिली नाही. "मला हे नगोय."

"आत्ता?" बाईंनी सुई खाली केली. "अहो, आत्ता सांगताय?"

"खोदलेत तेवढे राहू देत. पुढे नका करू. मी अशीच जाते."

"खोदलेत?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय खोदलंय?"

मी बोट तोंडाकडे नेलं. बाईंनी मदतनीस बाईंकडे बघितलं, मदतनीस बाईंनी छताकडे. मग डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि अशा हसायला लागल्या की त्यांना मास्क खाली घ्यावा लागला. "तुम्ही नमुना घालून आलात ना? मी त्याच्यावरच चालवतेय अजून. खोली समजायला. हा थर कापून सुई जिथे खालच्या दातापर्यंत पोचते, तिथे पेन्सिलची रेघ दातावर उठते. मग नमुना काढायचा, आणि रेघ दिसेल तेवढंच घासायचं. नाही दिसली तर घासायचंच नाही."

मला काही सुधरेना. मी आठवडाभर दुसऱ्याची साल तोंडात वागवत होते आणि तीच कोरली जात असताना माझी म्हणून रडायला निघाले होते! बाईंनी एक बारीक आकडी घेतली, हिरडीशी घातली आणि पिळली. कट असा आवाज झाला. नमुन्याचा तुकडा ट्रेमध्ये टणकन पडला, त्यावर तीन चर. मग दुसरा. सगळ्यात शेवटी मधला, फट बुजवणारा. तो निघाला आणि थंड हवा आत आली. खोलीतली, औषधाच्या वासाची, साधी हवा, पण ती त्या वाटेने आली आणि जिभेच्या टोकाला लागली. जीभ आपोआप तिथे गेली. खाली रुंद, वर निमुळती. होती जागच्या जागी. दात गुळगुळीत, ओले, माझे. बाईंनी आरसा सुलटा करून हातात दिला. उजव्या दाताच्या पोटावर तेवढी तांदळाच्या कणीएवढी एक शिशाची रेघ होती. "इथे पोचली होती फक्त," त्या म्हणाल्या, "जेमतेम. बाकीचे तुमचे दात मुळातच जरा आत वळलेले आहेत, हात लागायचाच नव्हता फारसा." त्यांनी मऊ रबराची टोपी फिरवून ती रेघ पुसली. बोट लावून बघितलं, काही लागलं नाही.

मी रडत होते. कानांत पाणी जात होतं, आडवी असल्यामुळे. मदतनीस बाईंनी कापूस दिला, एक स्वतःसाठीही घेतला.

"नको होतं तर आधी नाही का सांगायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"विचारलं नाही कोणी."

"मी विचारलं की."

"किती पांढरे ते विचारलंत. हवेत का, ते नाही."

ट्रेमधले तुकडे गोळा करता करता म्हणाल्या, "खरंय." पुढे काही नाही, सफाई नाही. "खरंय" म्हणाल्या, आणि ते मला इतकं पुरलं की मी त्यांना त्यांच्या चष्म्याची डावी काडी सैल झालीय, येऊन जा, असं सांगून आले.

रस्त्यावर ओठ अजून मेलेलाच होता. शिट्टी मारून बघितली तर लाळ गळली. बाकावर बसले. समोरून लोक जात होते आणि मला प्रत्येकाचे दात बघावेसे वाटत होते. वाकडे, पिवळे, एकावर एक चढलेले, एका बाईचा एक सोन्याचा. बोलत, हसत, जांभया देत चालले होते, कुणालाच माहीत नव्हतं की त्यांच्या तोंडात सगळं शाबूत आहे. ओठ हळूहळू परत आला, आधी कडेने, मुंग्यांच्या वाटेने. आला तशी उठले.

दुपारी काउंटरवर पहिले आले ते एक आजोबा, तयार चष्मा न्यायला. नाकावर चढवला, काड्या सरकवल्या, मी मागे झाले, हसले. ते बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या दातांत फट आहे."

"आहे."

"बाहेरच्या फोटोत नाही."

"तो फोटो चुकलाय."

"मग दुरुस्त करा की," म्हणाले, आणि आरसा न बघताच, खूश होऊन, दाराच्या काचेला थडकता थडकता गेले. नवा नंबर.

काचेवर खुणा करायचं आमचं काळं पेन असतं. स्टूल घेऊन बाहेर गेले. फोटो आतून चिकटवलेला, म्हणून फट मला काचेवरच काढावी लागली, स्वतःच्या तोंडासमोर उभं राहून, वीतभर अंतरावरून. वरून खाली, खाली जरा रुंद. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली, एक म्हणाला, "आता बरी दिसते." संध्याकाळी घराखालून शिट्टी घातली, एक लांब आणि एक तुटक, आणि वरून बटण इतक्या चटकन दाबलं गेलं की नवरा दाराशीच उभा असणार. वर जाते तर म्हणतो, "भाजीत मीठ नाही काही." मी म्हटलं, "मग घाल की, हात आहेत ना!"

तेव्हा साहेब, उद्या काचेवरची रेघ बघून तुम्ही विचाराल, ही कोणी मारली. मी मारली. पुसलीत तर पुन्हा मारेन, पेन स्वस्त असतात. आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. माझ्या तोंडातली ती जागा रिकामी आहे आणि ती तुम्ही भरायची आहे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? फोनवर नको, कुणाकडून निरोप नको. केबिनमधून उठा, काउंटरवर माझ्यासमोर बसा, वीतभर अंतरावर, आणि बोला. आणि बोलताना तोंड नीट उघडा. आत्याने तुमचे दात बघून सांगायला सांगितलंय.